गाडी थांबते तेव्हा काटा का चढतो?

मोकळ्या रस्त्यावर तासन्‌तास धावताना तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही आणि तीच गाडी वाहतूक कोंडीत अडकली, की दहा-पंधरा मिनिटांत तो लाल पट्टीकडे सरकू लागतो, हा अनेक चालकांचा अनुभव आहे. वेगात धावणारे इंजिन जास्त इंधन जाळते, म्हणजे उष्णताही जास्त निर्माण करते. तरीही ते तापत नाही आणि नुसते घुरघुरत उभे असलेले तापते. बिघाडाचा माग इथूनच लागतो. तो न घेता थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी-मिटणारी झडप) आणि वॉटर पंप बदलले जातात, पैसे जातात आणि पुढच्या कोंडीत काटा पुन्हा चढतो.

पेट्रोलच्या ऊर्जेपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढाच भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणारा द्रव, वाहून नेते आणि उरलेली बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते. तापलेले कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते आणि नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून जाणारी हवा ती उष्णता उचलते. गाडी धावत असताना ही हवा आपोआप मिळते. थांबलेल्या गाडीत मात्र हवा खेचण्याची सगळी जबाबदारी रेडिएटरच्या पंख्यावर येऊन पडते. म्हणून फक्त कोंडीत तापणाऱ्या गाडीत पहिला संशय पंख्यावर घ्यावा. याउलट, वेगात किंवा चढावर तापणाऱ्या गाडीत आतून गाळ धरलेला रेडिएटर, पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट किंवा झिजलेला पंप यांचा विचार आधी करावा लागतो.

विजेवर चालणाऱ्या पंख्याची तपासणी सोपी आहे. गाडी उघड्या जागी उभी करून, एसी बंद ठेवून इंजिन चालू ठेवावे आणि बॉनेट उघडून वाट पाहावी. कूलंट साधारण 95 ते 100 अंश सेल्सियसला पोहोचले, की पंखा सुरू झाला पाहिजे. तो कोणत्याही क्षणी, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही, फिरू शकतो. म्हणून हात लांबच ठेवावा. काटा नेहमीच्या वर गेला तरी पंखा फिरला नाही, तर एसी लावून पाहावा, कारण बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखाही चालू होतो. एसीबरोबर फिरणारा पंखा तापमान वाढल्यावर फिरत नसेल, तर मोटर शाबूत आहे आणि दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे, असे धरून पुढे जाता येते. दोन्ही वेळा तो गप्प राहिला, तर फ्यूज आणि रिले (पंख्याचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) पाहून मोटरला बॅटरीतून थेट 12 व्होल्ट द्यावेत. तरीही ती फिरली नाही, तर मोटरच गेली आहे. फसवणारा प्रकार वेगळाच असतो: कार्बन ब्रश झिजलेली मोटर फिरते, पण मंद फिरते, आणि पंखा चालू आहे हे पाहून मेकॅनिक तिला निर्दोष ठरवतो.

पंखा ठीक असेल, तर हवेचा मार्ग तपासावा. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्या दोघांमधल्या फटीत धूळ, कीटक आणि पालापाचोळा यांचा थर बसतो, जो समोरून दिसतच नाही. इंजिन थंड असताना आतल्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने पाण्याची हलकी धार सोडली, तर तो निघतो. जोराच्या फवाऱ्याने मात्र पातळ पत्रे वाकतात. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण तुटले असेल, तर हवा रेडिएटरमधून न येता बाजूने खेचली जाते.

रेडिएटरच्या झाकणाकडे फार दुर्लक्ष होते, याची मला खंत वाटते. त्यातली स्प्रिंग यंत्रणेत साधारण एका वातावरणाएवढा जादा दाब धरून ठेवते आणि त्यामुळे साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू 120 अंशांच्या आसपास जातो. झाकणाचे रबर सैल झाले, की कूलंट लवकर उकळते आणि बाहेर पडते. गरम इंजिनाचे झाकण का उघडू नये, तेही यावरूनच कळते: दाबाखालचे 110 अंशांचे एक लिटर पाणी एकाएकी मोकळे झाले, तर 100 अंशांवर येताना त्यातल्या सुमारे 18 ग्रॅम पाण्याची वाफ होते. हे प्रमाण क्षुल्लक वाटते, पण त्या वाफेचे आकारमान 30 लिटर भरते आणि ती उकळते पाणी सोबत घेऊन तोंडावर येते.

कोंडीतच काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम आणि पूर्ण वेगाने लावावा, कारण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो. काटा लाल पट्टीत गेला, तर मात्र गाडी बाजूला घेऊन इंजिन बंदच करावे. तापल्यावर अॅल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. म्हणून लोखंडी ठोकळ्यावर बसवलेले अॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) अति तापले, की वाकते आणि त्या दोघांमधले सील, म्हणजे हेड गॅस्केट, जाते. कूलंटमध्ये सतत बुडबुडे येणे किंवा गळती न दिसता पातळी उतरत राहणे, ही त्याची लक्षणे आहेत.

काही जण उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्याने पंख्याचा दोष जात नाही. उलट इंजिन थंड राहून इंधन जास्त जळते.

दुरुस्तीनंतर एसी बंद ठेवून गाडी वीसेक मिनिटे जागेवरच चालू ठेवावी. पंखा स्वतःहून दोन-तीनदा सुरू होऊन थांबला आणि काटा जागचा हलला नाही, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी एकदा पाहावी. यंत्रणेत अडकलेली हवा निघाली, की ती थोडी उतरते आणि तेवढी भर घालावी लागते.