डायझोसिल्पिन (एमके-८०१)

डायझोसिल्पिन, ज्याला लॅबमध्ये सगळे एमके-८०१ म्हणूनच ओळखतात, हे मर्क कंपनीच्या संशोधकांनी तयार केलेलं प्रायोगिक रसायन. १९८२ च्या सुमारास फिट्सवरचं संभाव्य औषध म्हणून ते पुढे आलं, पण ते नेमकं कुठे काम करतं हे १९८६ मध्ये समजलं : मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर.

हा रिसेप्टर म्हणजे चेतापेशीच्या आवरणातलं एक चॅनल, उघडझाप होणारी वाटच म्हणा. ग्लुटामेट हे पेशींमधलं निरोप्या रसायन येऊन चिकटलं आणि पेशी आधीच थोडी उत्तेजित असली की तोंडाशी अडकलेलं मॅग्नेशियम सुटतं, कॅल्शियम आत शिरतं आणि शिकणं, लक्षात ठेवणं यातलं बरंचसं काम त्याच्या जोरावर चालतं. एमके-८०१ चॅनल उघडं असतानाच आत घुसतं, मग चॅनल बंद झालं की तिथेच अडकून बसतं, लवकर काही निघत नाही. सगळी गोची इथेच आहे.

स्ट्रोकमध्ये रक्तपुरवठा तुटला की ग्लुटामेट भसाभस बाहेर पडतं आणि जास्तीच्या कॅल्शियमने पेशी मरतात, म्हणजे चॅनल बुजवलं की पेशी वाचतील असा हिशोब होता आणि प्राण्यांवर तो बऱ्यापैकी जमलाही. पण १९८९ मध्ये अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोसनंतर काही तासांतच उंदरांच्या मेंदूतल्या काही पेशींमध्ये पोकळ्या दिसतात. कमी डोसला त्या भरून येतात, जास्त डोसला पेशीच मरतात. त्यात पीसीपी (नशेसाठी वापरलं जाणारं रसायन) आणि केटामाइन (भुलीचं औषध) याच जागी बसतात आणि त्यांनी भास-भ्रम होतात, त्यामुळे इथेही तीच भीती होती. औषध म्हणून गाडी तिथेच अडली.

लॅबमध्ये मात्र याला अजून मागणी आहे. इंजेक्शन दिलेला उंदीर पिंजऱ्यात उगाच धावत सुटतो, मान डोलावतो, गोल गोल फिरतो, डोस वाढला की पाय लटपटतात. हेच स्किझोफ्रेनियाचं मॉडेल म्हणून वापरतात, आता गोल फिरणारा उंदीर म्हणजे काही स्किझोफ्रेनियाचा पेशंट नव्हे, पण आठवण आणि लक्ष यातला बिघाड तपासायला सोयीचं पडतं.

त्याच चॅनलमध्ये बसणारं मेमँटिन मात्र औषध म्हणून टिकलं, कारण ते सैल बसतं आणि पटकन सुटतं. अमेरिकेत २००३ मध्ये त्याला अल्झायमरसाठी मंजुरी मिळाली, आपल्याकडेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. फायदा बेताचाच, आजार काही थांबत नाही.