जामीन आणि हेबियसमधली अंतरिम सुटका

उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे कोठडी बेकायदा आहे म्हणून सोडवा असं सांगणारी, याचिका चालू आहे आणि कोठडीतला माणूस म्हणतो, निकाल लागेपर्यंत मला बाहेर सोडा. या मागणीला बहुतेक जण सरळ जामीन म्हणतात. बातम्यांत तसंच छापून येतं आणि न्यायालयातही ‘अंतरिम जामीन’ असंच बोललं जातं. पण सत्र न्यायालयात मागितलेला जामीन वेगळ्या पायावर उभा असतो आणि ही सुटका वेगळ्या. हा फरक न कळल्यामुळे घरची माणसं चुकीच्या न्यायालयात धाव घेतात आणि त्यात आतल्या माणसाचे आठवडे जातात.

जामिनाच्या अर्जात कोठडी कायदेशीर आहे असं साधारणपणे गृहीत धरलेलं असतं. गुन्हा नोंदलेला आहे, दंडाधिकाऱ्यांनी रिमांड दिलेला आहे. न्यायालय एवढंच पाहतं की सोडलं तर हा माणूस पळेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, आरोप किती गंभीर आहे. अर्ज आरोपीच्या नावाने होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 किंवा 483 खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 437 आणि 439 खाली. जातमुचलका, जामीनदार, हजेरीच्या अटी हे सगळं मागोमाग येतं आणि खटला चालूच राहतो. 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही म्हणून मिळणारी सुटकाही जामीनच असते. ती आपोआप होत नाही, वेळेत अर्ज करावा लागतो.

हेबियसमध्ये प्रश्न उलट बाजूने, सरकारला विचारला जातो: या माणसाला कोणत्या अधिकाराने धरून ठेवलंय? याचिका आई, बायको, मित्र, कुणीही करू शकतं, कारण आतला माणूस स्वतः येऊ शकत नाही हेच तर दुखणं असतं. उत्तर समाधानकारक नसेल तर सुटका होते. तिथे जामीनदार लागत नाही आणि दर सोमवारी पोलीस ठाण्यात सहीलाही जावं लागत नाही. मूळ गुन्हा मात्र त्याने रद्द होत नाही.

म्हणूनच रिमांडचा आदेश झाला की हेबियसची वाट अरुंद होते. दंडाधिकाऱ्यांचा आदेश हाच कोठडीचा अधिकार ठरतो. ठाण्यातल्या एका अटकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला होता. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण तो माणूस त्या वेळी दंडाधिकाऱ्यांच्या रिमांडवर होता. रिमांड अधिकाराबाहेरचा, उघड बेकायदा किंवा डोळे मिटून दिलेला असेल तरच ही वाट पुन्हा उघडते.

आता मधली गोष्ट. हेबियसचा निकाल लागायचा आहे, तोवर सोडता येतं का? 1962च्या भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलेल्या, म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवलेल्या, एका माणसाला पाटणा उच्च न्यायालयाने याचिका प्रलंबित असताना सोडलं. बिहार सरकारचं म्हणणं होतं की असा अधिकारच नाही. 1966 मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या घटनापीठाने तो अधिकार मान्य केला. साताऱ्याच्या या न्यायमूर्तींचा तर्क सरळ होता: याचिकेच्या शेवटी जी सुटका न्यायालय देऊ शकतं, ती योग्य प्रकरणात मधल्या काळापुरतीही देऊ शकतं. सोबत सावधगिरीही सांगितली. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत हा अधिकार क्वचित वापरावा, शक्यतो याचिकाच लवकर ऐकावी.

स्थानबद्धाला या अधिकाराचं मोल सगळ्यात जास्त, कारण त्याच्यापुढे जामिनाचा रस्ताच नसतो. महाराष्ट्राच्या एमपीडीए कायद्याखाली, म्हणजे झोपडपट्टी दादा वगैरेंविरुद्धच्या 1981च्या कायद्याखाली, जास्तीत जास्त बारा महिने आत ठेवता येतं. खटला नाही, दोषारोपपत्र नाही. मग जामीन मागायचा कशात? उरतो स्थानबद्धतेचा आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढचा विचार आणि उच्च न्यायालयातली याचिका. बारा महिन्यांतले आठ महिने याचिका ऐकण्यातच गेले, तर शेवटी आदेश रद्द होऊनही त्या माणसाच्या हातात काय पडतं? ‘लवकर ऐका’ हा सल्ला उत्तम आहे, पण कामकाजाची यादी लांबत गेली तर तो कागदावरच राहतो. आदेशातला दोष पहिल्या वाचनातच दिसत असेल, म्हणजे स्थानबद्धाला कळत नसलेल्या भाषेतली कागदपत्रं दिली किंवा त्याचं आदेशाविरुद्धचं निवेदन कारणाशिवाय पडून राहिलं, तर तिथे अंतरिम सुटका द्यायलाच हवी असं मला ठामपणे वाटतं. 1966चा निकाल वकिलांनी याहून कितीतरी जास्त वेळा पुढे ठेवायला हवा.

दोन्ही गोष्टींची गल्लत साऱ्या देशाने पाहिली ती नोव्हेंबर 2020 मध्ये. अलिबागच्या 2018च्या आत्महत्येच्या प्रकरणात पत्रकार अर्णब गोस्वामी यांना 4 नोव्हेंबरला अटक झाली. उच्च न्यायालयातल्या याचिकेत हेबियस आणि गुन्हा रद्द करणं अशा दोन्ही मागण्या होत्या. दंडाधिकाऱ्यांनी न्यायालयीन कोठडी दिल्यावर हेबियसची मागणी पुढे रेटली गेली नाही. उरली ती गुन्हा रद्द करण्याच्या मागणीचा निकाल लागेपर्यंत अंतरिम सुटकेची. 9 नोव्हेंबरला खंडपीठाने ती नाकारली आणि सत्र न्यायालयाचा रस्ता दाखवला. सत्र न्यायालयाने अर्ज चार दिवसांत निकाली काढावा असंही सांगितलं. दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. 27 नोव्हेंबरच्या सविस्तर निकालात त्याने म्हटलं की संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय अशी सुटका देऊ शकतं आणि स्वातंत्र्य एक दिवसही हकनाक जाता कामा नये. तो नियम तळोजा तुरुंगातल्या नाव नसलेल्या कच्च्या कैद्यालाही तितकाच लागू आहे. त्याच्या याचिकेला इतक्या वेगाने तारीख मिळत नाही, ही खंत मात्र खरी आहे.

अलीकडे दोन्ही वाटा एका ठिकाणी जवळ आल्यात. अटकेची कारणं आरोपीला कळवली नसतील तर अटकच अवैध ठरते आणि त्यानंतरचा रिमांडही टिकत नाही, असं फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अशा वेळी जामिनावर कायद्याची बंधनं असली तरी न्यायालय सोडू शकतं. म्हणजे हेबियसचा मुद्दा आता जामिनाच्या अर्जातही मांडता येतो आणि पहिल्या रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांपुढेच मांडावा. अटकेचा कागद, त्यावरची वेळ, कारणं कोणत्या भाषेत दिली, ती कुणाला मिळाली, हे घरच्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवावं.

याचिका करायचीच असेल तर अंतरिम सुटकेची मागणी पहिल्याच मसुद्यात वेगळी लिहायला सांगा आणि तिच्याखाली फक्त आदेशातला दोष मांडा. घरची परिस्थिती, आजारपण, लहान मुलं हे मुद्दे जामिनाच्या अर्जात कामी येतात. हेबियसमध्ये न्यायमूर्ती आधी सरकारचा कागद पाहतात. आणि याचिका फेटाळली गेली तर मधल्या काळात बाहेर आलेल्या माणसाला परत आत जावं लागू शकतं, हे त्याला सुटकेच्या दिवशीच समजावून सांगा.