लोनवरून परत येणं वेगळं, जुन्या क्लबने पुन्हा घेणं वेगळं

फुटबॉलमधली ट्रान्सफर, म्हणजे खेळाडूने कायमचा क्लब बदलणं, ती समजावत बसत नाही. रात्री जागून मॅच बघणाऱ्या जळगाव-भुसावळच्या कुठल्याही पोराला ते पाठ आहे. गाडी अडते ती लोनपाशी, म्हणजे खेळाडू मुदतीपुरता दुसऱ्या क्लबला उसना देण्यापाशी. जानेवारीची खिडकी, म्हणजे क्लबांनी खेळाडू घ्यायचा-द्यायचा काळ, उघडते तीही नेमकी आमच्याकडे भरीत पार्ट्या रंगात असताना. वांगी काड्यांवर भाजून होईपर्यंत सगळ्यांकडे वेळच वेळ, त्यात मोबाईलवर कुणाच्या तरी 'घरवापसी'ची बातमी येते आणि सुरू: "परत आला ना भो तो? मग झालं की!"

नाही झालं. खेळाडूच्या दोन गोष्टी असतात, करार आणि नोंदणी. तो किती वर्षांसाठी बांधलेला आहे, त्याला विकायचा हक्क कुणाचा, हे करारात असतं. नोंदणीवरून ठरतं ते एवढंच की तो कुणाच्या जर्सीत मैदानात उतरणार. ट्रान्सफरमध्ये जुना करार संपून नवा होतो आणि नोंदणीही हलते. लोनमध्ये नोंदणी हलते, तीही मुदतीपुरती. मूळ क्लबचा करार जिवंतच राहतो. भुसावळकरांना तर हे समजायला जड जाऊच नये. रेल्वेतला माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेला तरी त्याचा लीन, म्हणजे पदावरचा हक्क, मूळ जागीच असतो. मुदत संपली की तो येऊन हजर होतो, त्याला कुणी नव्याने भरती करत नाही. राजीनामा देऊन गेलेल्याला मात्र यायचं तर पुन्हा भरतीच्या दारातूनच यावं लागतं.

बेल्जियमच्या लुकाकूचंच बघा. 2011 मध्ये तो लंडनच्या चेल्सी क्लबात आला. 2012-13 चा सीझन लोनवर वेस्ट ब्रॉमकडे काढला, लीगमध्ये 17 गोल मारले, शेवटच्या 5-5 च्या मॅचमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध हॅटट्रिक केली आणि सीझन संपल्यावर चेल्सीत हजर झाला. यात चेल्सीने काय केलं? काहीच नाही. मुदत संपली, एवढंच. मग एव्हर्टनला लोन, आणि 2014 मध्ये एव्हर्टनने त्याला विकतच घेतलं. इथे चेल्सीचा धागा तुटला. 2021 मध्ये इटलीच्या इंटर क्लबकडून त्याला परत आणायला याच चेल्सीने सुमारे 9 कोटी 75 लाख पौंड मोजले. 2013 चं येणं आणि 2021 चं येणं एकाच मापाने मोजणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

खरा घोळ त्याच्या पुढच्या वर्षी झाला. 2022 मध्ये लुकाकू पुन्हा इंटरकडे गेला. इंटरचे चाहते खूश, आपल्याकडचेही खूश. पण तो गेला होता लोनवर, करार चेल्सीशीच होता. 2023 ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा, तिची फायनल तो इंटरच्या जर्सीत खेळला आणि सीझन संपताच पुन्हा चेल्सीचा माणूस झाला. चेल्सीने त्याला पुढे रोमाकडे धाडलं, तेही लोनवरच. जर्सी बघून मालक ठरवला की असं फसायला होतं.

ब्राझीलच्या कुटिन्योला 'गद्दार' म्हणणारेही मला भेटलेत. 14 ऑगस्ट 2020 ला चॅम्पियन्स लीगच्या लिस्बनमधल्या मॅचमध्ये जर्मनीच्या बायर्नने स्पेनच्या बार्सिलोनाला 8-2 असं धुतलं, त्यातले दोन गोल बदली म्हणून आलेल्या कुटिन्योचे. तेव्हा त्याचा करार कुणाशी होता? बार्सिलोनाशीच, बायर्नकडे तो फक्त लोनवर होता! इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध उतरू शकत नाही, चॅम्पियन्स लीगमध्ये तशी बंदी नाही. त्या सीझनचं विजेतेपद बायर्नकडून जिंकून तो मुकाट बार्सिलोनात परतला. बिचाऱ्याने गद्दारी केली कुठे?

बाकीचं किरकोळ. सक्तीच्या खरेदीचं लोन म्हणजे उशिरा पैसे देऊन केलेली खरेदीच. 2017 मध्ये एम्बापे मोनाकोकडून पॅरिसच्या पीएसजीकडे असाच गेला. विकतानाच परत घ्यायचा हक्क राखून ठेवता येतो. मोराटाला युव्हेंटसला विकताना रेआल माद्रिदने तेच केलं होतं, आणि 2016 मध्ये तो हक्क वापरला. पोग्बाला 2012 मध्ये जवळजवळ फुकट जाऊ देऊन 2016 मध्ये 8 कोटी 90 लाख पौंडांना परत आणणं हा मँचेस्टर युनायटेडचा स्वतंत्र विनोद आहे.

आणि आपला सुनील छेत्री. 2002 मध्ये मोहन बागानपासून सुरुवात, मग जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, थेट अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, आणि 2011 मध्ये नवा करार करून पुन्हा मोहन बागान. मागचा कुठलाही धागा शिल्लक नसताना. फटाके फोडायचे तर अशा वेळी फोडा, 30 जूनला लोन संपलं म्हणून नाही.