दुहेरी वापराचे टायर (मोटारसायकल)

डांबरी रस्ता आणि आडवाट या दोन्हींवर चालवण्याच्या मोटारसायकलसाठी बनवलेले टायर. कंपन्या त्यांना 'ड्युअल-स्पोर्ट' किंवा 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणतात. बोलण्यात नक्षी जाड दिसली की सरसकट 'बटण टायर' हा शब्द येतो. या टायरांची निवड अवघड होते, कारण डांबराला जे हवे असते तेच मातीला नको असते. डांबर कठीण असते, तिथे जितके जास्त रबर टेकेल तितकी पकड चांगली. माती, वाळू किंवा चिखल मऊ असतो. तिथे रबराला आत रुतावे लागते, आणि रुतण्यासाठी बटणांमध्ये, म्हणजे नक्षीतल्या सुट्या रबरी ठोकळ्यांमध्ये, मोकळी जागा लागते. एकाला भरीव नक्षी हवी, दुसऱ्याला विरळ. दोन्हीकडे उत्तम चालणारा टायर अजून कोणी बनवलेला नाही. त्यामुळे खरेदी करणाऱ्याला आपण कुठे उणे पडलेले चालेल हे आधी ठरवावे लागते.

पूर्वपीठिका

एकाच गाडीने रस्ता आणि रान दोन्ही करायचे ही कल्पना जुनी असली, तरी ती मोठ्या संख्येने विकली गेली ती यामाहाच्या १९६८ सालच्या डीटी-१ या हलक्या गाडीमुळे. अशा गाड्यांना तेव्हा चौकोनी ठोकळ्यांच्या नक्षीचे, ट्रायल स्पर्धांच्या (पाय न टेकता अवघड अडथळे पार करण्याच्या) टायरांशी नाते सांगणारे टायर असत. गाड्या हलक्या आणि वेग बेताचे, म्हणून तेवढ्यावर भागत होते. सहारा वाळवंटातून जाणारी १९७९ ची पहिली पॅरिस-डाकार शर्यत सिरिल नेव्हू यांनी यामाहा एक्सटी ५०० वर जिंकली. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस आली. नावातली 'जी' आणि 'एस' ही अक्षरे जर्मन भाषेतल्या 'रान' आणि 'रस्ता' या शब्दांची आहेत. या ८०० सीसी वर्गातल्या गाडीनंतर टायर बनवणाऱ्यांपुढचा प्रश्नच बदलला. आता जड गाडी, वर दोन माणसे आणि सामान, महामार्गाचा वेग, आणि तरीही मातीत पकड हवी होती. आजच्या बहुतेक दुहेरी टायरांची रचना याच ओढाताणीतून आली आहे.

टक्केवारीचा घोळ

हे टायर '९०/१०', '८०/२०', '५०/५०' अशा आकड्यांनी ओळखले जातात. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा आडवाटेचा. ९०/१० म्हणजे उथळ खाचा असलेला, जवळपास रस्त्याचाच टायर. ५०/५० म्हणजे सुट्या, उंच बटणांचा. कॉन्टिनेंटलचा टीकेसी ८० हे बटण टायराचे बऱ्याच चालकांच्या ओळखीचे उदाहरण. या आकड्यांमागे कोणतेही सामायिक मानक किंवा चाचणी नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने ते लावते. त्यामुळे एका कंपनीचा ६०/४० दुसरीच्या ५०/५० पेक्षा मातीत सरस निघू शकतो. दोन टायरांची तुलना करताना आकड्यांपेक्षा फोटो उपयोगी पडतात. बटणांची उंची, त्यांच्यातले अंतर आणि मधली पट्टी सलग आहे की तुटक, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

याहून मोठी चूक टक्केवारी किलोमीटरने मोजण्याची. समजा ५०० किलोमीटरच्या प्रवासात ४९० डांबरी आणि १० किलोमीटर भिजलेल्या चिकणमातीचे आहेत. हिशेबाने हा ९८/२ चा प्रवास झाला. पण रस्त्याचा टायर त्या दहा किलोमीटरांत गाडी आडवी पाडणार, आणि बटण टायर उरलेल्या ४९० मध्ये फार तर गुणगुणत राहणार. उलटही खरे आहे. घट्ट मुरमाच्या, खडीच्या कच्च्या रस्त्यावर रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला हवा थोडी कमी केलेला ८०/२० टायरही पुरतो. म्हणून किती अंतर कच्चे आहे यापेक्षा टाळता न येणारा सगळ्यात वाईट पट्टा कोणता आणि तो कोरडा मिळणार की ओला, हे विचारणे जास्त शहाणपणाचे. निम्म्या वेळा माणूस टायर घेतो तो आपण जिथे जातो त्यासाठी नव्हे, तर जिथे जावे असे त्याला वाटते त्यासाठी. दुकानातल्या भिंतीवरचे वाळवंटातले पोस्टर त्याला हातभार लावतेच.

जमिनीनुसार नक्षीचे काम बदलते. चिखलात बटणे उंच आणि दूरदूर हवीत, नाहीतर मधल्या फटी भरून टायर गुळगुळीत लाटणे होऊन बसतो. चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जाणे हीच तिथली खरी कसोटी. वाळूत बटणांइतकेच महत्त्व टायर जमिनीवर किती पसरतो याला असते. खडकावर बटणांपेक्षा रबराचा मऊपणा आणि कापले न जाण्याची ताकद कामाला येते. सुट्या खडीवर कोणताही टायर थोडा तरंगतोच. ओल्या डांबरावर मात्र बटण टायर सर्वांत कमजोर ठरतो. जमिनीला टेकलेले रबर कमी, आणि ब्रेक लागला की उंच बटणे मुडपतात. वळणावर गाडी झुकवताना बटणांच्या एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना टायर किंचित 'पडल्यासारखा' वाटतो. पहिल्यांदा जाणवते तेव्हा पंक्चर झाल्याचाच भास होतो.

मधल्या मार्गाचाही एक प्रकार आहे. काही टायरांना मध्यभागी सलग रबरी पट्टी आणि दोन्ही बाजूंना तिरपे मोठे ठोकळे असतात. हायडेनाऊ या जर्मन कंपनीच्या के६० स्काउटची रुंद मागची मापे अशी आहेत. सरळ महामार्गावर झीज मधल्या पट्टीवर येते, म्हणून टायर खूप टिकतो. पण चिखलात जोर लावायला मध्यभागीच बटण नसते, आणि ओल्या डांबरावर ती पट्टी घसरते. लांबच्या प्रवासाला निघालेल्यांना तरीही तो आवडतो, कारण अर्ध्या वाटेत नवा टायर शोधत बसण्यापेक्षा थोडी घसरण त्यांना परवडते.

सांगाडा आणि रबर

नक्षी डोळ्यांना दिसते, सांगाडा दिसत नाही. बायस टायरात धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत जातात. बाजूची भिंत त्यामुळे कडक राहते आणि दगडांचा मार सोसते, पण टायर वेगात जास्त तापतो. रेडियल टायरात धागे एका कडेपासून दुसरीकडे जवळपास सरळ जातात आणि वर पट्टे असतात. तो थंड चालतो व महामार्गावर स्थिर राहतो. रेडियल मापात शेवटच्या दोन आकड्यांमध्ये 'आर' हे अक्षर येते, जसे १५०/७०आर१७ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत). बायस मापात तिथे आडवी रेघ असते. एकाच गाडीला पुढे एक आणि मागे दुसरा प्रकार लावायचा तर गाडीच्या कंपनीची किंवा टायर बनवणाऱ्याची तशी संमती पाहावी.

रबर मऊ असेल तर पकड चांगली आणि आयुष्य कमी. मिश्रणात सिलिका वाढवली की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते. काही टायरांत मध्यभागी कडक आणि कडांना मऊ असे दोन प्रकारचे रबर वापरतात.

चाक, माप आणि ट्यूब

टायर निवडायला गेल्यावर अर्धी निवड आधीच झालेली असते, ती गाडीच्या चाकाने. पुढचे २१ इंची चाक दगड-खड्ड्यांवरून सहज चढते. १९ इंची चाक डांबरावर चपळ. १७ इंची चाकाला बटण टायर मिळतात, पण निवड तोकडी असते. मागे १८ किंवा १७ इंच नेहमीचे. २०१६ च्या सुमाराची होंडा आफ्रिका ट्विन पुढे ९०/९०-२१ आणि मागे १५०/७०आर१८ वापरते. बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस पुढे १२०/७०आर१९ आणि मागे १७०/६०आर१७. जीएसच्या मापांना बटण टायर मिळतात, पण आफ्रिका ट्विनच्या मापांना त्याहून जास्त मिळतात.

माप बदलण्याचा मोह टाळावा. टायर उंच झाला तर मडगार्डला, रुंद झाला तर चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) घासू शकतो. वेगमापक चुकतो. एबीएस (ब्रेक लागताना चाक अडकू न देणारी) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (जोर लावताना चाक जागीच फिरू न देणारी) ही दोन्ही चाकांच्या गतीची तुलना करणारी यंत्रणा आहे. पुढच्या-मागच्या व्यासाचे गणित बिघडले की तिचाही अंदाज चुकतो.

ट्यूबलेस टायरचे पंक्चर चाक न काढता बाहेरून प्लग ठोकून निभावता येते. साध्या स्पोकच्या रिमला स्पोकची भोके असल्याने आत ट्यूब लागते आणि पंक्चर म्हणजे टायर उतरवणे आले. स्पोक रिमच्या कडेला अडकवून मधला भाग अखंड ठेवण्याची रचना बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएसवर आणली, त्यामुळे स्पोकच्या चाकालाही ट्यूबलेस टायर बसू लागला. स्पर्धांमध्ये ट्यूबऐवजी फोमचे भरीव कडे, म्हणजे 'मूस', वापरतात. पंक्चरचा प्रश्नच मिटतो. पण सलग वेगात तो तापून खराब होतो, म्हणून रस्त्याच्या प्रवासाला तो चालत नाही.

हवा

दोन टायरांमध्ये निवड करताना जितका विचार होतो, त्याच्या पावपटसुद्धा हवेचा होत नाही. प्रत्यक्षात बेताचा टायर योग्य हवेवर चांगल्या टायरला मागे टाकतो. जड गाडीला रस्त्यावर साधारण पुढे ३२ ते ३६ आणि मागे ३६ ते ४२ पीएसआय हवा सांगितलेली असते. मातीत उतरताना ती पंचवीसच्या आसपास आणावी, वाळूत आणखी खाली. हवा कमी झाली की टायर चपटा होऊन लांब पसरतो, बटणे खडबडीत जमिनीला लपेटून घेतात आणि वाळूत चाक बुडण्याऐवजी वर राहते. हलक्या गाडीला याहून बरीच कमी हवा चालते.

पण हवा कमी करण्याची किंमत असते. दगडावर आदळल्यावर टायर रिमपर्यंत दबतो. रिमला पोचा पडतो, किंवा रिम आणि दगडाच्या चिमटीत सापडून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. हवा फारच कमी असेल तर जोर लावताच टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. हे थांबवायला स्पर्धेच्या गाड्यांना रिम-लॉक, म्हणजे टायर रिमवर घट्ट धरून ठेवणारी पकड, बसवतात. म्हणून खडकाळ वाटेवर वाळूपेक्षा जास्त हवा ठेवायची असते. डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात इतका तापतो की आतून सुटू लागतो. हवा मोजायची ती टायर थंड असताना, कारण चालून तापल्यावर दाब आपोआप वाढलेला असतो. गेज आणि पंप जवळ नसेल तर हवा कमी करण्याच्या फंदात न पडलेले बरे.

पुढचा आणि मागचा

दोन्हीकडे एकच नक्षी हवी असा नियम नाही. बरेच अनुभवी चालक पुढे जाड बटणांचा आणि मागे थोडा रस्त्याकडे झुकलेला टायर लावतात. मागचे चाक घसरले तर थ्रॉटल आणि अंगाच्या तोलाने सावरता येते. पुढचे घसरले की सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय मागचा टायर जास्त झिजतो, त्यामुळे तिथे टिकाऊ टायर लावणे खिशालाही बरे. याच्या उलट जोडी, म्हणजे पुढे रस्त्याचा आणि मागे बटणांचा, मातीत जोर भरपूर पण दिशा नाही अशी होते.

टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाळावा. पुढच्या टायरवर ब्रेकचा भार, मागच्यावर इंजिनाच्या जोराचा. म्हणून दोन्हींसाठी चालणाऱ्या काही टायरांवर पुढे-मागे लावताना बाणाची दिशा उलटी दिलेली असते.

खुणा आणि झीज

टायरच्या भिंतीवरचे शेवटचे आकडे-अक्षर भार आणि वेग सांगतात. ५४ म्हणजे एका टायरवर २१२ किलो, ६९ म्हणजे ३२५ किलो. 'क्यू' म्हणजे ताशी १६० किलोमीटर, 'टी' १९०, 'एच' २१०, 'व्ही' २४०. जाड बटणांच्या टायरांची वेगमर्यादा बहुधा खालची असते. 'एम+एस' ही खूण चिखल आणि बर्फासाठी आहे. युरोपातील अनेक देशांत ती असलेला कमी वेगाचा टायर वेगवान गाडीला चालतो, मात्र वेगमर्यादेचा स्टिकर चालकाला दिसेल असा लावावा लागतो. 'एनएचएस' अशी अक्षरे असतील तर तो टायर सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीच. 'डीओटी'नंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार म्हणजे जन्मतारीख: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणाऱ्या टायरचा हा आकडा आधी वाचावा, कारण पडून राहिलेले रबरही कडक होते.

नवा टायर पहिले शंभर-एक किलोमीटर जपून चालवतात, तोवर वरची गुळगुळीत चकाकी घासली जाते. जड गाडीवरचा बटण टायर मागे पाच-सहा हजार किलोमीटरांत संपू शकतो. रस्त्याकडे झुकलेला त्याच्या दुप्पट किंवा जास्त टिकतो. नुसत्या महामार्गाने मागचा टायर मध्यभागी सपाट होतो. पुढच्या बटणांची एक कड ब्रेकमुळे करवतीसारखी झिजते, आणि हँडलमध्ये थरथर व गुणगुण सुरू होते. काही युरोपीय देशांत कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. पण मातीसाठी घेतलेल्या टायरची मातीतली पकड त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. बटणे निम्मी झाली की तो चिखलात रस्त्याच्याच टायरसारखा वागतो, आणि डांबरावर मात्र नव्यापेक्षा बरा चालतो. गोटा होईपर्यंत कोणी तो काढत नाही ते त्यामुळेच.