अँड्रिया लेव्ही

लेव्ही, अँड्रिया : (७ मार्च १९५६ – १४ फेब्रुवारी २०१९). जमैकन आईवडिलांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेल्या इंग्रजी कादंबरीकार. पाच कादंबऱ्या आणि एक कथा-निबंधांचं छोटं पुस्तक, एवढाच सगळा संसार, पण त्यातल्या चौथ्या कादंबरीने, म्हणजे ‘स्मॉल आयलंड’ने (२००४), दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियनमधून ब्रिटनमध्ये आलेल्या पिढीची गोष्ट घराघरात पोचवली.

वडील विन्स्टन १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ या जहाजाने आले. या जहाजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लेव्हींवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ते येतं आणि आकडे सैलपणे दिले जातात. जहाज मूळचं जर्मन, नाव ‘मोंटे रोझा’, युद्धात ब्रिटिशांच्या हाती लागलेलं. ते लंडनजवळच्या टिलबरी बंदराला २१ जूनला लागलं आणि लोक उतरले २२ जूनला, म्हणून दोन्ही तारखा सापडतात, रूढ आहे ती २२. प्रवाशांचं तर विचारूच नका. त्या वेळच्या पेपरांनी ४९२ जमैकन असं छापलं आणि तोच आकडा वर्षानुवर्षं फिरत राहिला, पण प्रवाशांच्या अधिकृत यादीत हजारावर नावं आहेत आणि त्यातल्या ८०२ जणांनी आधीचं राहण्याचं ठिकाण कॅरिबियनमधलं लिहिलंय. यादी हा कागदोपत्री पुरावा, त्यामुळे ४९२ हा पेपरातला आकडा म्हणूनच घ्यावा हे बरं. स्वस्तातलं तिकीट २८ पौंड १० शिलिंग, तेव्हाच्या जमैकन माणसाला ही रक्कम सहज जमणारी नव्हती. आई एमी त्याच वर्षी मागाहून आल्या, त्या केळी वाहणाऱ्या बोटीने. बोट धक्क्याला लागली ती नेमकी ५ नोव्हेंबरच्या रात्री, इंग्लंडात त्या रात्री गाय फॉक्स या जुन्या कटवाल्याच्या नावाने फटाके उडवतात, आणि एमींना वाटलं हे आपल्याच स्वागताला!

पुढे मात्र स्वागत वगैरे काही नव्हतं. वडील पोस्टात लागले. आई जमैकात शिक्षिका होत्या, पण तिथलं शिक्षण इंग्लंडात चालेना, मग शिवणकाम करावं लागलं. कुटुंब उत्तर लंडनमधल्या हायबरीच्या कौन्सिल इस्टेटमधल्या, म्हणजे सरकारी भाड्याच्या घरांच्या वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये राहायचं, आर्सेनल फुटबॉल क्लबचं स्टेडियम जवळच. घराण्यात ज्यू आजोबा, आईकडून स्कॉटिश रक्त, त्यामुळे सगळे रंगाने उजळ, आणि जमैकातल्या रंगाच्या उतरंडीत आपण काळ्यांपेक्षा वरचे असा आईवडिलांचा समज. लंडनमध्ये या उतरंडीला कोण विचारतो? मुलांशी जमैकाबद्दल ते फारसं बोलायचेही नाहीत.

लेव्ही मिडलसेक्स पॉलिटेक्निकमध्ये टेक्स्टाइल डिझाइन शिकल्या, बीबीसी आणि रॉयल ऑपेरा हाऊसच्या कॉश्च्युम विभागात काम केलं, नंतर पती बिल मेब्लिन यांच्यासोबत ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय. तिशीपर्यंत लिखाणाशी संबंध नव्हताच. नोकरीच्या ठिकाणी वंशभेदावरची एक कार्यशाळा झाली, गोरे एका बाजूला आणि काळे दुसऱ्या बाजूला बसा असं सांगितलं, तेव्हा लेव्ही सवयीने गोऱ्यांकडे जाऊन बसल्या आणि पलीकडून हाक आली की इकडे ये. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय, त्या दिवशी घरी जाऊन अंथरूण धरलं असंही. काही अभ्यासक लेखनाची सुरुवात इथून धरतात, काही वडिलांच्या आजारपणापासून. पहिली कादंबरी ‘एव्हरी लाइट इन द हाऊस बर्निन’ (१९९४) कॅन्सरने खंगणाऱ्या बापाबद्दल आहे, ते बघता दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, पण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. लेखनाचे धडे सिटी लिट या प्रौढांसाठीच्या संस्थेतल्या वर्गात गिरवले.

‘नेव्हर फार फ्रॉम नोव्हेअर’ (१९९६) दोन बहिणींची, एक उजळ, एक सावळी. ‘फ्रूट ऑफ द लेमन’ (१९९९) मध्ये बीबीसीच्या कपडेपटात काम करणारी मुलगी जमैकाला जाते आणि मावशी आणि इतर नातेवाइकांकडून घराण्याचा इतिहास गोळा करते. या तिन्हींचं कौतुक झालं, खप बेताचाच.

‘स्मॉल आयलंड’ चार जण सांगतात: गिल्बर्ट आणि हॉर्टेन्स हे जमैकन जोडपं, त्यांची घरमालकीण क्वीनी, आणि तिचा नवरा बर्नार्ड, जो युद्धात हवाई दलाबरोबर भारतात आलेला असतो आणि ब्रिटिश साम्राज्याची दुसरी बाजू त्याच्या भागातून दिसते. आपल्याकडच्या वाचकाला हा भाग जरूर वाचण्यासारखा. पण कादंबरीतली सगळ्यात जबरदस्त जागा हॉर्टेन्सची. पांढरे हातमोजे घालून, शिफारसपत्रं घेऊन ती शिक्षिकेची नोकरी मागायला जाते, इथे तुला शिकवता येणार नाही असं ऐकते, ताठ मानेने उठून दार उघडते आणि थेट झाडू-बादल्यांच्या कपाटात शिरते. लेव्हींच्या आईची हकीकत माहीत असली की हे पान वाचवत नाही. पुस्तकाला २००४ चं ऑरेंज प्राइझ आणि व्हिटब्रेड, मग कॉमनवेल्थ रायटर्स प्राइझ मिळालं.

‘द लाँग साँग’ (२०१०) एकोणिसाव्या शतकातल्या उसाच्या मळ्यावरच्या जुलाय या गुलाम बाईची. गुलामीवरच्या एका परिषदेत एका तरुणीने विचारलं होतं की पूर्वज गुलाम होते याचा अभिमान कसा बाळगायचा, त्यातून ही सुचली. विषय भयंकर, पण आपली कहाणी स्वतःच सांगणारी जुलाय चक्क हसवते, तिचा मुलगा संपादक म्हणून मध्ये टोकत राहतो आणि ती त्याला जुमानत नाही. कादंबरी बुकरच्या अंतिम यादीत होती, २०११ चं वॉल्टर स्कॉट प्राइझ मिळालं.

लेव्हींना कॅरिबियन म्हणायचं, ब्लॅक ब्रिटिश की इंग्लिश, यावर समीक्षकांनी भरपूर शाई खर्च केलीय. स्वतः लेव्ही आपण इंग्लिश आहोत असं ठामपणे सांगायच्या, आणि त्यांच्या गोष्टी ब्रिटनचाच इतिहास असल्याने तेच धरून चालणं योग्य. २०१४ साली सहा कथा आणि एक आत्मपर निबंध असं पुस्तक आलं, ते शेवटचं. कॅन्सरने ६२ व्या वर्षी त्या गेल्या, त्याच वर्षी नॅशनल थिएटरने ‘स्मॉल आयलंड’ रंगमंचावर आणलं. त्यांची कागदपत्रं आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत.