आजीचा चेहरा आणि दोन शाया

फोंड्याला एका चित्रकार मित्राच्या घरी गेल्या पावसाळ्यात एक चित्र पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याला जुन्या कागदांचं एक बाड मिळालं होतं. त्यातला एक पोर्तुगीज अमदानीतला स्टॅम्पचा कागद, १९२३ सालचा, वळणदार अक्षरांनी भरलेला. त्या अक्षरांवरच त्याने निळ्या बॉलपेनने आपल्या आजीचा चेहरा काढला होता. अंबाड्यात आबोलीचा वळेसर, आणि कारकुनाने सहीखाली ओढलेला फराटा नेमका आजीच्या डोळ्याखालच्या सुरकुतीत मिसळून गेलेला. इंग्लंडचे मार्क पॉवेल जुन्या पाकिटांवर, नकाशांवर अशीच बॉलपेनची व्यक्तिचित्रं काढतात. पण इथला कागद आपल्या दमट हवेत शंभर वर्षं राहिलेला, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी.

बॉलपेनच का, असं विचारल्यावर मित्राने एका फाटक्या कोपऱ्यावर फाउंटन पेनने रेघ मारली. शाई लगेच फुटली, रेघेला मुळं फुटावीत तशी. कागद बनवताना त्याला खळ देतात, म्हणून शाई धाग्यांत पसरत नाही. वर्षानुवर्षांच्या ओलीने ही खळ निकामी होते आणि कागदाचा टिपकागद होतो. बॉलपेनच्या शाईत मात्र पाणी जवळजवळ नसतंच. तेलकट द्रावकात रंग कालवलेला तो एक घट्ट लगदा असतो.

हे गणित जुळवलं लाझलो बिरो या हंगेरियन पत्रकाराने. छापखान्याची शाई चटकन वाळते, मग पेनात तशी का नको, हा त्याचा प्रश्न. भाऊ ग्यॉर्गी रसायनशास्त्र जाणणारा, त्याने शाईची बाजू सांभाळली. १९३८ साली पेटंट, आणि १९४३ साली अर्जेंटिनात सुधारलेल्या पेनाचं पेटंट. टोकाला जेमतेम मिलिमीटरभराची गोळी, आज बहुधा टंगस्टन कार्बाइडची. पेन स्थिर असताना शाई घट्टच राहते. गोळी फिरली की तिच्या रेट्याने पातळ होते, विरजलेलं दही ढवळल्यावर होतं तशी.

मित्राने भिंग हातात दिलं. आजीच्या गालावर त्याचं पेन इतकं हलकं फिरलं होतं, की शाई कागदाच्या उंच धाग्यांनाच लागली होती. मधले खळगे कोरे, म्हणून गाल धूसर निळा. भुवईपाशी दाब वाढला तशी गोळी खळग्यांत उतरलेली, रेघेची चरी पडलेली, आणि उजेडात तिला तांबूस चकाकी. एकाच रंगात एवढ्या छटा येतात त्या मनगटाच्या दाबातून आणि रेघांवर रेघा चढवण्यातून. चुकलेली रेघ खोडता येत नाही, हे तर आहेच.

खालची जुनी शाई मात्र वेगळ्या जातीची. मायफळातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि हिराकस हा लोहाचा क्षार यांपासून युरोपात शतकानुशतकं शाई बनत आली. लिहिताना ती फिकी असते. हवेतला ऑक्सिजन मिळाला की तिच्यातलं लोह काळं संयुग बनवतं आणि अक्षर धाग्यांत रुजतं. पण तिच्यातलं आम्ल कागदाचे धागे ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं, उरलेलं लोह त्याला हातभार लावतं. कागदावर जिथे अक्षर होतं तिथे कधीकधी भोक पडतं. काजळाच्या शाईने लिहिलेल्या मोडी कागदांना हा शाप नाही, काजळ कागद खात नाही. पणजीच्या पुराभिलेखागारात मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही दस्त आहेत. ते दप्तर १५९५ साली सुरू झालं. तिथल्या एका मालिकेचं नावच ‘मान्सून’, कारण पोर्तुगालच्या राजाची पत्रं आणणारी जहाजं मोसमी वाऱ्यांवर यायची. त्याच मोसमाच्या दमटपणात ही लोहाची शाई कागद अधिक वेगाने कुरतडते.

बॉलपेनची शाई कागद खात नाही, पण उजेडाला टिकत नाही. निळ्या-जांभळ्या शायांत वापरला जाणारा क्रिस्टल व्हायोलेट हा रंग प्रकाशात आपल्या रेणूवरचे मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे छोटे अणुगट, एकेक करून गमावतो आणि फिकट होत जातो. भिंतीवर उन्हासमोर लावलं तर कारकुनाच्या अक्षरांआधी आजीचा चेहरा विरेल. संग्रहालयांत अशा नाजूक चित्रांवर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच ठेवतात. खिडकीजवळ दिवसा त्याच्या कित्येक पट असतो. अतिनील किरण अडवणारी काच लावली तरी दिसणारा उजेड आपलं काम करतोच.

म्हणून अशी चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. पेन टेकवण्याआधी कागदाचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढून ठेवा, आणि मजकूर कुणाला तरी वाचायला द्या. जमिनीचा किंवा वारशाचा दस्त निघाला तर त्यावर चित्र काढू नका. गोव्यात पोर्तुगीज काळातले कागद आजही जमिनीच्या वादांत पुरावा म्हणून पुढे येतात. मित्राने मजकूर आधी वाचून घेतला होता, कुठल्याशा कार्यालयातला साधा अर्ज होता तो.

आता मूळ चित्र कपाटात सुती कापडात आहे आणि दिवाणखान्यात त्याची छापील प्रत. कापडात गुंडाळण्यापूर्वी त्याने ते एकदा खिडकीसमोर धरलं. एका गोल अक्षराच्या जागी शाईने कागद पार खाल्ला होता, आणि आजीच्या गालावर, तीळ असावा तेवढं, बाहेरचं आभाळ दिसत होतं.