मसल कारमधील इंजिन पिंगिंग

1960 ते 1970 च्या दशकांतील अमेरिकी मसल कार वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावरून जोर देताच किंवा चढावर इंजिनातून खणखण आवाज काढू लागते, तो हा दोष. प्लगच्या ठिणगीने लागलेली ज्योत सिलिंडरच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच तिथले उरलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण दाब आणि उष्णतेमुळे आपोआप पेटते. हलका आवाज क्वचित आला तर फार बिघडत नाही. पूर्ण थ्रॉटलवर तो चालू राहिला तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात आणि हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधली सील) जाते.

मूळ अडचण इंधनाची आहे. 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओच्या 389 घनइंची इंजिनाचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) 10.75:1 होते, 1970 च्या शेव्हेल एलएस6 चे 11.25:1. ही इंजिने शिसेयुक्त, सुमारे 100 रॉनच्या (पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करते ते सांगणारा ऑक्टेन आकडा) पेट्रोलसाठी बांधलेली होती. जनरल मोटर्सने 1971 मध्ये कॉम्प्रेशन उतरवले; 1 जानेवारी 1996 पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. अमेरिकी पंपावरचा 91 हा रॉन आणि मॉन (अधिक कडक चाचणीतला ऑक्टेन आकडा) यांच्या सरासरीचा आकडा असतो, म्हणजे साधारण 95–96 रॉन. भारतातल्या पंपांवर थेट रॉन मोजतात, त्यामुळे दोन्हीकडचे 91 एकच समजू नये.

दुरुस्ती टायमिंगपासून (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती अंश लवकर पडते ते) सुरू करावी, पण डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) फिरवण्याआधी पुलीवरची टायमिंगची खूण खरी आहे का ते पाहावे. क्रँक पुलीवरच्या डॅम्परची बाहेरची रिंग रबरावर बसवलेली असते. जुन्या गाडीत ती सरकते आणि टायमिंग लाइट चुकीचा आकडा दाखवतो. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप लावून, क्रँक हाताने दोन्ही दिशांना फिरवून खरा टीडीसी (पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान) काढावा. मग डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचे तोंड बंद करावे. शेवरोलेच्या 350 घनइंची इंजिनात आयडलवर 8 ते 12 अंश आणि सुमारे 3000 आरपीएमला एकूण 34 ते 36 अंश आगाऊ टायमिंग सहसा चालते. एकूण आकडा बरोबर असूनही कमी आरपीएमला पिंगिंग होत असेल, तर डिस्ट्रिब्युटरमधल्या, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांच्या स्प्रिंग ढिल्या पडल्या आहेत. जाड स्प्रिंग घालाव्यात. नळी जोडल्यावर हलक्या थ्रॉटललाच आवाज येत असेल, तर व्हॅक्यूम ॲडव्हान्स (हलक्या थ्रॉटलला टायमिंग पुढे नेणारी यंत्रणा) 10 अंशांवर रोखावा. आवाज बंद होईपर्यंत टायमिंग मागे घेत जाणे ही सर्रास केली जाणारी चूक: ताकद जाते आणि एक्झॉस्ट तापतो.

मग मिश्रण. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुने जेट (कार्ब्युरेटरमधली, इंधनाचे प्रमाण ठरवणारी छिद्रे) पातळ, म्हणजे इंधन कमी पडणारे, मिश्रण देतात. होली कार्ब्युरेटरमध्ये मुख्य जेट एक-दोन क्रमांक मोठे करून पाहावेत. इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट गळके असेल तर हवा किंवा तेल आत येते, आणि तेल ऑक्टेन घटवते. प्लग काढून भिंगातून चिनी मातीचा भाग पाहावा. त्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत ॲल्युमिनियमचे ठिपके दिसले तर ती खात्रीची खूण. एक पायरी थंड (उष्णता लवकर काढून नेणारा) प्लग लावल्याने, आणि 195 ऐवजी 180 अंश फॅरनहाइटचा (82 सेल्सिअस) थर्मोस्टॅट लावल्याने काठावरचे पिंगिंग थांबते. शेवरोले व्ही8 मध्ये 5 आणि 7 क्रमांकांचे सिलिंडर शेजारी असून लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी समांतर, चिकटून नेल्या तर सातव्यात वेळेआधी ठिणगी पडू शकते. त्या दूर ठेवाव्यात.

बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरवर ‘10 पॉइंट’ लिहिलेले असते तेव्हा ती वाढ बहुधा फक्त एका ऑक्टेन आकड्याची असते.

एवढे करूनही आवाज राहिला तर कॉम्प्रेशन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. लोखंडी हेड आणि 91 च्या पेट्रोलसाठी 9.5:1 ही साधारण मर्यादा धरावी. 350 मध्ये 64 ऐवजी 76 घनसेंटिमीटरचे ज्वलनकक्ष असलेले हेड बसवल्यास कॉम्प्रेशन साधारण एक अंकाने उतरते. नुसते जाड हेड गॅस्केट टाकणे स्वस्त पडते. पण पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातली सुमारे 1 मिमीची फट त्याने वाढते, मिश्रण नीट घुसळले जात नाही आणि पिंगिंग उलट वाढू शकते.